भिंतीकडचा दांडा

रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपणं हा नोकरदार माणसाचा हक्क आहे, असं मी समजतो. माझ्या खिडकीला ते मान्य नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. आमच्या बरोब्बर डोक्यावर, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत फौजीकाका बसतात, आणि आमच्या बरोब्बर पायाखाली, अंगणात, त्यांचे मित्र आपली तीनचाकी खुर्ची आणून लावतात. दोघांच्या मांडीवर बुद्धिबळाचा एकेक पट असतो. मग वरून आरोळी येते, "उंट. तिरका. तीन घरं." खालून उत्तर जातं, "मारला." दोघांचीही उभी नोकरी तोफखान्यात गेली. तोफेशेजारी उभं राहून माणसाला जे काही ऐकू येणं उरतं, ते दोघांत मिळून एका कानाइतकं असेल. त्यामुळे एका आरोळीत भागत नाही. आमचा मजला हा मधला मुलूख. दोन्हीकडचा मारा आमच्यावरून जातो.

मी कानांत कापूस घालून पाहिला. उशी खाली घेण्याऐवजी वर घेऊन पाहिली. बुद्धिबळ मला येत नाही, शिकायची इच्छाही नाही, तरी एकदा मी अर्धवट झोपेत उठून बसलो आणि बायकोला म्हणालो, "आधी घोडा वाचवायला हवा होता." तेव्हा ती म्हणाली की आता काहीतरी करा.

मी म्हणालो, यांनी एका जागी बसून खेळायला काय हरकत आहे? माणसं समोरासमोर बसली की आवाज आपोआप खाली येतो.

"खुर्चीवाल्या काकांना चढता येत नाही आणि फौजीकाकांना उतरता येत नाही," बायको म्हणाली. "तुम्ही याच इमारतीत राहता ना?"

हे खरं होतं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. जिना आहे, आणि त्याला मोकळ्या बाजूने लोखंडी कठडा आहे. दुसऱ्या बाजूला नुसती भिंत. चढताना कठडा उजव्या हाताला येतो, उतरताना डाव्या. काकांचा डावा हात फौजेत असतानाच निकामी झाला. कसा ते काका सांगत नाहीत, त्यामुळे ती गोष्ट आम्हीच एकमेकांना वेगवेगळ्या प्रकारे सांगतो. हात गेला तरी गुडघे शाबूत होते तोवर सगळं ठीक होतं. मग गुडघे बोलू लागले. ऑपरेशन झालं, काका हॉस्पिटलमधून आले, कठडा धरून एकटे दोन मजले चढले, आम्ही सगळ्यांनी दारादारांत उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की परतीच्या प्रवासाचा विचार कोणी केलेलाच नाही. तेव्हापासून ते वर आहेत. ('वर गेले' असं म्हणणं मी टाळतो. आमच्याकडे अफवांना जिना लागत नाही.)

"भिंतीला एक दांडा ठोकला की झालं," बायको म्हणाली. "उतरताना तो उजव्या हाताला येईल. अर्ध्या दिवसाचं काम."

पुढे जे काही घडलं त्याची जबाबदारी मी या शेवटच्या वाक्यावर टाकतो.

मी काकांकडे गेलो. गॅलरीत बसले होते. दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत. घरात बूट घालून बसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दांड्याचं मी त्यांना आधी सांगितलं, मग ओरडून सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिल्यासारखं केलं, जणू ती तिथूनही दिसत होती, आणि मान हलवली. मी उत्साहात येऊन म्हणालो, दांडा लागेपर्यंत आम्ही चौघं मिळून तुम्हाला खुर्चीसकट उचलून खाली नेऊ, त्यात काय. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नकळत पोट आत घेतलं.

"मला एकदाच उचलून नेलंय," ते म्हणाले. "तेव्हा मी बेशुद्ध होतो. शुद्धीत असताना कोणी उचलायचं नाही."

काकू दारापर्यंत सोडायला आल्या आणि आवाज खाली आणून बोलल्या. त्या घरात खाली आणलेला आवाज म्हणजे आपला नेहमीचा. खुर्चीवाल्या काकांना त्यांची मुलगी आपल्या गावी कायमची घेऊन चालली होती, महिनाअखेरीस. "एक डाव एका पटावर बसून खेळायचाय दोघांना. तोंडाने म्हणणार नाहीत हे," काकू म्हणाल्या. "पण रोज सकाळी पट पुसून ठेवतात."

जिना उतरताना दांडा ठोकायचाच, असं मी ठरवलं. पण खोटं कशाला बोला, त्याच्या मागोमाग एक हिशेबही आला: मित्र महिनाअखेरीस जाणारच आहे, म्हणजे काहीही न करता माझी झोप मला परत मिळणार. माणूस वाईट नसतो; त्याला सुचतं वाईट. त्या रात्री मात्र मला त्या हिशेबाने झोपू दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर जाऊन मी दोन लांब पाइप आणि ते भिंतीला लावायच्या पट्ट्या घेऊन आलो. जिन्याच्या एकेका मजल्याला एकेक पाइप. दुकानदार म्हणाला, टेम्पो करा. मी म्हणालो, स्कूटरवर जातील. गेले. वाटेत एका पोस्टमनची टोपी आणि एका शोरूमचा बोर्ड एवढंच मधे आलं.

घरात आणल्यावर कळलं की पाइप आमच्या घरापेक्षा महत्त्वाकांक्षी आहेत. स्वयंपाकघरातल्या ओट्यापासून निघून पॅसेजमधून ते थेट न्हाणीघरात शिरत. दार लागेना. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरी आंघोळ करणारा माणूस मोठ्याने गाणं म्हणत असे, आणि गाणं थांबलं की इतरांनी खोकायचं, असा नियम झाला.

तेव्हाच ठोकून मोकळा झालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी शिकलेला माणूस. मी परवानगी मागितली.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फौजीकाकांच्या समोरच्याच घरात राहतात. सज्जन गृहस्थ. 'सैनिक' हा शब्द ऐकताच त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला, उठून उभे राहिले, आणि इतक्या पवित्र विषयाला सभाच बोलावली पाहिजे असं म्हणाले. मी म्हणालो, विषय पाइपचा आहे. ते म्हणाले, तुम्हाला पाइप दिसतो, मला त्यामागची भावना दिसते.

सभा त्यांच्याच दिवाणखान्यात झाली. प्रत्येकजण भावनेवर बोलला. तिसऱ्या मजल्यावरचे औषधविक्रेते म्हणाले की सैनिकासाठी आपण रक्ताचा शेवटचा थेंब देऊ. मी नम्रपणे म्हणालो की रक्त नको, भिंत हवी आहे. आणि भिंतीच्या बाजूला जे सामान आहे ते हलवावं लागेल.

त्यावर जी शांतता पसरली ती मला एखाद्या रविवारी सकाळी मिळाली असती तर!

कारण भिंतीची बाजू रिकामी नव्हती. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी जो चौक आहे तिथे सेक्रेटरींचं चपलांचं कपाट होतं, भिंतीला पाठ लावून आणि थेट पहिल्या पायरीपर्यंत पसरलेलं. आमच्या मजल्यापासून तळापर्यंत पायरीपायरीवर बाईंच्या कुंड्या होत्या. बाई म्हणजे आमच्या समोर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याशी बोलताना औषधविक्रेते अजूनही उभे राहतात, आणि ते त्यांच्या शाळेतले नाहीत. आणि पहिल्या मजल्याच्या चौकात जुन्या मासिकांचं एक कपाट होतं. ते आमचं.

सेक्रेटरी म्हणाले की चपलांचं कपाट इमारतीइतकंच जुनं आहे, त्याला हात लावला तर भिंतीचं काय होईल सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, "झाडांना जागेची सवय असते. जागा बदलली की मान टाकतात. एवढं तर तिसरीच्या मुलांनाही ठाऊक असतं." मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं की आमचं कपाट तात्पुरतं आहे. ते आमच्या लग्नापासून तात्पुरतं आहे, आणि जे तात्पुरतंच आहे ते हलवायची घाई कशाला, असं माझं मत पडलं. बायकोने छताकडे पाहिलं.

कोंडी सेक्रेटरींनीच फोडली. ते म्हणाले की एवढा मोठा माणूस, देशासाठी लढलेला, आणि त्याला आपण काय देणार? दांडा? पडदा लावायलाही लोक याहून चांगला दांडा लावतात. हा सन्मान आहे की अपमान? द्यायचं तर शोभेल असं द्या. सगळ्यांना एकदम हलकं वाटलं. मोठं काही द्यायचं ठरलं की छोटं द्यावं लागत नाही, ही गोष्ट जगात कोणाला शिकवावी लागत नाही. तिथल्या तिथे सैनिक सन्मान समिती झाली, सत्कार सोहळा ठरला, दांडा 'दुसऱ्या टप्प्यात' गेला आणि 'मूळ कल्पना तुमची' म्हणून निमंत्रकपद माझ्या गळ्यात पडलं.

सल्ले तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू झाले. औषधविक्रेते म्हणाले, काकांच्या डाव्या हाताला तेल चोळा. इतक्या वर्षांनी तो कंटाळून हलेल. तळमजल्यावरच्या शिंप्याने गॅलरीतून कप्पी लावायची योजना आखली आणि पाण्याची बादली भरून तिची चाचणीही घेतली. बादली अजून मधेच लटकते आहे. कोणी म्हणालं, दोघांना फोन घेऊन द्या. फोन दोघांकडे होते. पण ते फोन कानाला लावून इतक्या मोठ्याने बोलत की फोनची गरजच उरत नसे. एकाने विचारलं, काका उलटे का उतरत नाहीत, तोंड वरच्या पायऱ्यांकडे करून, म्हणजे कठडा उजव्या हाताला येईल? मला ते पटलं. मी वर जाऊन सुचवलं. काका म्हणाले की उतरून पाहिलं होतं, तिसऱ्या पायरीवर पाय सुटला, आणि त्यानंतर काकूंनी शपथ घातली आहे. फौजेत हुकूम मोडला की शिक्षा होते, इथे शपथ मोडली की काकू जेवत नाहीत. फौज बरी, असं ते म्हणाले.

मी हट्टाला पेटलो होतो. दुसरा टप्पा तर दुसरा टप्पा, कागदपत्रं तरी तयार ठेवू, म्हणून नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने जिन्याची रुंदी विचारली आणि दांड्याने ती चार बोटं कमी होईल यावर बोट ठेवलं. आग लागली आणि लोक धावत सुटले तर ही चार बोटं कोण भरून देणार? मी म्हणालो, सध्या तिथे कुंड्या आहेत, त्या हातभर आहेत. तो म्हणाला, कुंड्यांना परवानगी लागत नाही, त्या बांधकाम नाहीत. मग दया येऊन त्याने वाट दाखवली: राहणारा माणूस माजी सैनिक असून त्याला हालचालीची अडचण आहे असा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणा, सवलतीत बसवू.

सैनिक कल्याण कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर होतं. तिथल्या साहेबांनी मला चहा दिला, काकांच्या तोफखान्याबद्दल आदराने विचारलं आणि सांगितलं की अर्जदाराने फक्त एकदा स्वतः यायचं आहे. मी म्हणालो, साहेब, त्यांना खाली उतरता येत नाही. ते म्हणाले, हो, तोच दाखला ना? त्यासाठीच यायचं आहे. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा ऐकून घेतलं. शेवटी दुःखाने म्हणाले, "मला सगळं कळतंय हो. पण प्रत्यक्ष हजर झाल्याशिवाय, हजर होता येत नसल्याचा दाखला देता येत नाही."

मी जिना उतरलो. त्या जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे होते, हे मला खाली आल्यावर दिसलं.

इकडे पहिला टप्पा जोरात होता. समितीने सोहळ्यासाठी आहे तोच कठडा रंगवून घेतला, सोनेरी. रंग वाळेना. जिन्यातली खिडकी पुसायला निघालेल्या काकूंचे हात, औषधविक्रेत्यांची विजार आणि रोजचं वर्तमानपत्र सोनेरी झालं. मग तोफ आली.

बाईंचा एक माजी विद्यार्थी नाटकांचं सामान भाड्याने देतो. बाईंनी शब्द टाकला आणि त्याने प्लायवूडची तोफ पाठवून दिली, चाकांसकट, खरीपेक्षा किंचित मोठी. अंगणात सपाट जागा एकच होती: आमच्या खिडकीखाली, जिथे खुर्चीवाले काका बसत. तोफ तिथे उभी राहिली. तिचं तोंड माझ्या खिडकीकडे. रविवारी खुर्चीवाले काका आले, तोफेकडे बघून त्यांनी तिला सवयीने सलाम केला की काय कोण जाणे, पण हात वर गेलेला मी पाहिला. मग त्यांनी खुर्ची फाटकापाशी मागे नेली. अंतर दुप्पट झालं. आरोळ्याही. बायको कूस बदलून म्हणाली, "मूळ कल्पना तुमची."

आणि दिवस पळत होते. मी काकांना चुकवू लागलो. जिन्यात वरून बुटांचा आवाज आला की घरात शिरायचो. पण काका काही विचारत नव्हते. काकूंनी एकदा विचारलं, तेही विचारल्यासारखं नाही: पाइप गंजले तर नाहीत ना? मी म्हणालो, दुसऱ्या टप्प्यात घेतोय. त्या "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'पेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर मी बरा झोपलो असतो.

सोहळ्याची तारीख प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने ठरली. पाहुणे म्हणजे आमचे नगरसेवक. त्यांना मोकळा असलेला एकमेव दिवस होता महिन्यातला शेवटचा रविवार. म्हणजे ज्या दिवशी दुपारी खुर्चीवाले काका जायचे होते तोच. मी समितीला हे सांगितलं. समितीला ते फार हृदयस्पर्शी वाटलं. निवेदनात घ्या, म्हणाले.

तो रविवार उजाडला. अंगणात शामियाना, खुर्च्या, माइक. पहिल्या रांगेत निमंत्रितांसाठी पांढऱ्या अभ्र्यांच्या खुर्च्या. खुर्चीवाले काका इस्त्रीचा कोट घालून तोफेच्या मागच्या अंगाला बसलेले, मांडीवर पट. फाटकाबाहेर गाडीत त्यांचं सामान भरलेलं, आणि गाडीशेजारी त्यांची मुलगी, दर थोड्या वेळाने घड्याळ बघणारी. नगरसेवक आले. माइकवरून सेक्रेटरी म्हणाले, ज्या क्षणाची आपण सारे आतुरतेने वाट पाहत होतो तो क्षण आलेला आहे, मी सत्कारमूर्तींना विनंती करतो की त्यांनी मंचावर यावं.

सगळ्यांनी मंचाकडे पाहिलं. मग हळूहळू माना वर गेल्या. सत्कारमूर्ती दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसले होते.

मला वाटतं, त्या क्षणापर्यंत समितीतल्या एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. निमंत्रकाच्या आलं होतं. पण निमंत्रकाला वाटलं होतं, कोणीतरी काहीतरी केलं असेल.

सेक्रेटरींनी माइकवर हात ठेवून चार धडधाकट माणसं वर पाठवली, सजवलेली खुर्ची देऊन. ती लगेच परत आली, रिकामी खुर्ची घेऊन, पोटं आत घेतलेली. आता कार्यक्रम तर थांबवता येत नाही. नगरसेवकांना पुढे एका दुकानाचं उद्घाटन होतं. तेव्हा सेक्रेटरींना सुचलं. निवेदनासाठी म्हणून काकूंकडून काकांचा गणवेशातला जुना फोटो मागून आणून मोठा करून घेतला होता. तो त्यांनी सत्काराच्या खुर्चीत बसवला. कडक टोपी, कोवळी मिशी, दोन्ही हात जागच्या जागी. नगरसेवकांनी फोटोला स्मृतिचिन्ह दिलं. फोटोशी हस्तांदोलन कसं करावं ते न कळून त्यांनी खुर्चीच्या हाताशी केलं. टाळ्या झाल्या.

तेवढ्यात तोफेमागून खुर्चीवाल्या काकांचा आवाज उठला. त्याला माइकची गरज नव्हती.

"अरे, तू तर इथे खाली बसलायस. मग वर कोण आहे?"

वरून उत्तर आलं, "वर म्हातारा आहे. त्याला कोणी बोलावलं नाही."

लोक हसले. मग एकेकजण हसायचा थांबला, आणि शेवटी कोण हसतंय म्हणून बघितलं तर मीच, तोंड नुसतं उघडं राहिलेला. हातात पुष्पगुच्छ होता, पुढचा सन्मान माझ्या हस्ते होता. फाटकापाशी मुलीने पुन्हा घड्याळ पाहिलं. मी पुष्पगुच्छ फोटोच्या मांडीवर ठेवला आणि इमारतीत शिरलो.

कपाट ओढायला लागलो. लग्नापासून तात्पुरतं असलेलं कपाट कायमच्या कपाटापेक्षा घट्ट बसलेलं असतं. ते हललं, आमच्या दारात अडकलं, त्याचं दार निखळलं आणि मी वर्षानुवर्षं 'सवडीने वाचू' म्हणून जपलेली मासिकं जिन्यावरून खाली वाहत गेली. बायको आतून पाइपचं टोक घेऊन आली. ती काही बोलली नाही, म्हणजे तिने माझं कौतुक केलं. शामियानावाल्याकडे भिंतीला भोकं पाडायचं यंत्र होतं. तो म्हणाला, परवानगी आहे का? बायको म्हणाली, "दुसरा टप्पा सुरू झाला."

यंत्र सुरू झालं. आमचा जिना म्हणजे एक मोठा भोंगाच; बाहेर नगरसेवक 'वीरांच्या बलिदानाने' इथवर आले होते, त्यापुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. बायकोने वर जाऊन सेक्रेटरींचं कपाट रिकामं करायला घेतलं. पादत्राणं ठेवायला जागा नव्हती, म्हणून तिने ती टोपल्यांतून खाली आणून पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या खुर्च्यांवर नीट जोडीने मांडली. निमंत्रित तसेही आले नव्हते. मी खाली कुंड्यांशी झटत होतो, तेवढ्यात समोर बाई येऊन उभ्या राहिल्या. माझे दोन्ही हात कुंडीच्या कडेला. मी तिसरीत गेलो.

बाईंनी आधी कुंडीकडे पाहिलं. मग जिन्यावरून वर पाहिलं. वरच्या टोकाला काका येऊन उभे होते, बूट घातलेले, उजवा हात भिंतीवर टेकलेला, जिथे अजून दांडा नव्हता.

"कुंडी बुडाशी धरायची," बाई म्हणाल्या, "कडेला नाही." आणि त्यांनी पहिली कुंडी स्वतः उचलली. मागून औषधविक्रेते आले, शिंपी आला. सेक्रेटरी धावत आले ते जाब विचारायला. पण पहिल्या रांगेत आपल्या चपला नगरसेवकांचं भाषण ऐकताना पाहून त्यांचं त्राण गेलं. त्यात औषधविक्रेत्यांना आपला फार पूर्वी हरवलेला बुटांचा जोड निमंत्रितांत बसलेला दिसला. त्या दोघांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय आहे. कपाट मात्र दोघांनी मिळून हलवलं, एकमेकांकडे न बघता. भिंतीला काहीही झालं नाही; दोन्ही पाइप तिच्यावर बसले.

काका उतरू लागले. उजवा हात दांड्यावर. एक पायरी, थांबायचं. एक पायरी, थांबायचं. मागून काकू, शपथेसकट. आमच्या मजल्याच्या चौकात दांडा नव्हता; दोन पाइपांच्या मधे भिंतीचा तेवढा तुकडा उघडाच राहिला होता. तिथे पूर्वी कपाट होतं. आता मी होतो. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माणसाच्या ठेवतात तसा नाही, सामानावर ठेवतात तसा, पूर्ण भार टाकून. चौक ओलांडला, पुढचा दांडा धरला आणि खांदा सोडला. आभार मानले नाहीत. दांड्याचे कोणी मानतं का?

ते अंगणात आले तेव्हा लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि त्या दिवशीची सगळ्यांत मोठी टाळी पडली. काकांनी ती ऐकली नसावी. ते सरळ मंचावरच्या टेबलाकडे गेले, स्मृतिचिन्ह बाजूला सरकवलं, शेजारच्या खुर्चीतला फोटो उचलून खाली उतरवला आणि त्या जागी बसले. चौघांनी मिळून तोफ ढकलली. खुर्चीवाले काका टेबलापाशी आले. पट मांडला गेला. मुलीने घड्याळ पाहिलं, मग ते मनगटावर आतल्या बाजूला फिरवलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

मी डोळे मिटून त्या ऐतिहासिक शांततेची वाट पाहिली. माणसं समोरासमोर बसली की आवाज आपोआप खाली येतो.

"उंट," काका टेबलापलीकडे ओरडले. "तिरका. तीन घरं."

"दिसतंय मला," खुर्चीवाले काका ओरडले. "मी समोर बसलोय."

नगरसेवकांनी माइक बंद केला. डाव दुपारपर्यंत चालला आणि संपला नाही. शेवटी मुलगी म्हणाली, बाबा, आता खरंच. दोघांनी सोंगट्या कुठे आहेत ते पाहून घेतलं आणि एकमेकांना सलाम केला, एकाने बसून, एकाने उभं राहून.

समितीच्या वार्षिक अहवालात दांडा 'नियोजित वेळेत पूर्ण' असा नोंदला गेला. नगरपालिकेची नोटीस आली, की तो विनापरवाना आहे. म्हणून त्या दांड्याला आम्ही एक कुंडी टांगून ठेवली आहे. आणि पुढच्या रविवारी माझी खिडकी गप्प होती. मी नेहमीच्या वेळेला जागा झालो आणि पडून राहिलो. या कुशीवर, त्या कुशीवर. काही ऐकू येत नाही म्हणून उठून खिडकीशी गेलो. खाली काका एकटे टेबलाशी बसले होते. पट मांडलेला, डाव थांबला होता तिथेच. बूट चकचकीत.

तेवढ्यात माझा फोन वाजला. खुर्चीवाल्या काकांच्या मुलीचा निरोप होता. दोघांना फोनवर ऐकू येत नाही, आणि फौजीकाकांना मोबाइलवरचं वाचता येत नाही, तेव्हा बाबांनी चाल सांगितली आहे ती मी लिहून पाठवते, तुम्ही तेवढी काकांना सांगाल का?

बायको म्हणाली, खाली जाऊन सांगा. मी गेलोही. काकांनी मला परत पाठवलं. "वरूनच येऊ दे," ते म्हणाले. "मला चाल लांबून ऐकायची सवय आहे."

तेव्हापासून दर रविवारी मी खिडकीत उभा असतो. परवा मी अशीच चाल सांगत असताना दारावर टकटक झाली. बाई होत्या. म्हणाल्या की रविवारी सकाळी माणसं झोपतात, आणि मी जरा आवाज खाली आणला तर बरं होईल. सेक्रेटरी या विषयावर सभा घ्यायच्या विचारात आहेत. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण खालून आवाज आला, "ऐकू आलं नाही. परत सांग."

मी बाईंना थांबायची खूण केली, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलो आणि छाती भरून घेतली.

"हत्ती. सरळ. भिंतीपर्यंत."